पाठराखिणीचं लुगडं

नावं लिहायची नाहीत, अशी तिची अट आहे. "काय लिवायचं ते लिव, पर नावं घालू नको. गेलेल्यायची तर मुळीच न्हाई," असं बजावून ती तूर निवडायला बसली. अट मी मान्य केली. आमच्या संसाराची सुरुवातच अटींपासून झाली होती, तेव्हा या वयात आणखी एक सोसायला काही हरकत नाही.

मी मूळची वालूरची. घर लिंगायत, गावात आप्पांचं भुसाराचं दुकान, आणि गावाला लागून काळी जमीन. आई मी लहान असतानाच गेली. आप्पांनी दुसरं लग्न केलं नाही आणि माझंही लांबवत नेलं, कारण घरात भाकरी करणारं दुसरं कुणी नव्हतं. ती, ही नावं नको म्हणणारी, शेजारच्या घरातली. तिचं लग्न लहानपणीच झालं, सासर नीट बघायच्या आत कपाळ पांढरं झालं, आणि ती भावाच्या घरी परत आली. तेव्हापासून आम्ही दळण एकत्र दळलं, सरपण एकत्र आणलं आणि एकाच वाकळेत निजलो. दोन बायका एका वाकळेत निजल्या तर आमच्याकडे कुणी भुवई वर करत नाही. उलट एक वाकळ वाचली म्हणतात.

माझा तिच्यावर जीव होता. बायकोचा नवऱ्यावर असावा म्हणतात, तसा होता. आणि तिचा माझ्यावर. हे मला पहिल्यांदा लख्ख कळलं तेव्हा आनंद वगैरे काही झाला नाही. आता हे आपल्याकडून कोण हिसकावून घेणार, एवढंच डोक्यात आलं. माझा स्वभावच मेला असा. ताटात पुरणपोळी पडली की मी आधी मांजर कुठं आहे ते बघते.

मांजर लवकरच दिसलं. आमच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे तिचं दुसरं लग्न करता येतं. तिच्या भावानं गोदावरीपल्याडचा एक बिजवर बघून ठेवला होता. माणूस चांगला उतारवयाचा, घरात पोरांचं लेंढार. तिला कुणी विचारलं नव्हतं. भाऊ नुसता म्हणायचा, "उन्हाळ्यात उरकून टाकू." आणि माझ्यासाठीही आता स्थळं येऊ लागली होती. म्हणजे उन्हाळ्यापर्यंत ती एका दिशेला जाणार आणि मी दुसऱ्या. ती शांतपणे शेणी थापत बसायची. मी मात्र भाकरी करपवायचे, दुधाला विरजण लावायचं विसरायचे आणि आप्पांवर खेकसायचे.

त्या दिवाळीत भाऊबीजेला आत्या आली. आत्या म्हणजे आप्पांची सख्खी बहीण, पिंगळीला दिलेली, विधवा. थोरला मुलगा पिंगळीत दुकान चालवायचा आणि धाकटा पूर्णेला रेल्वेच्या पार्सल हापिसात लागलेला. हा धाकटा आतेभाऊही बरोबर आला होता. आमच्याकडे मामाच्या मुलीवर आतेभावाचा हक्कच समजतात, त्यामुळे तो आला की गावातल्या बायका माझ्याकडे बघून डोळे मिचकावायच्या. तो मात्र तिशीला टेकला तरी लग्नाचं नाव काढत नव्हता. आत्या रडून, रुसून, उपास करून दमली होती.

कापसाची वेचणी चालू होती. मी रानात भाकरी घेऊन गेले, तर तो मागोमाग आला आणि बांधावर बसला. बराच वेळ पूर्णेच्या गोष्टी सांगत राहिला. तारबाबू असं म्हणतेत, तारबाबूंना आंबट वरण लागतं, तारबाबू आजारी होते म्हणून चार रोज मी रजा टाकली. हे तारबाबू तेलंगणातले, स्टेशनात तारेवर बसणारे, ह्याच्या शेजारच्या क्वार्टरात राहणारे. दोघांची चूल एक होती. मी पदराला चिकटलेला कापूस सोडवत ऐकत होते. सगळी वाक्यं त्याच एका माणसाशी येऊन थांबत होती, आणि मला ते ओळखीचं वाटलं. मीही असंच बोलत असणार.

मग तो एकदम म्हणाला, "मला बायको नको हाय. पर लगीन पायजे."

"म्हंजी?"

"मायनं अन्न सोडलंय. हापिसात लोकं इचारायलेत. तारबाबूच्या घरून बी कागदं यायलेत, पर ते लांब हायेत, त्यायचं निभल. मपलं न्हाई निभणार." त्यानं वेचणीवाल्या बायांकडे पाहिलं. तिथं ती होती, डोक्याला फडकं बांधून ओळीच्या शेवटी. "तुजं बी तसंच हाय. मी काल आंगणात बघितलं, ती तुज्या केसातलं कापसाचं बोंड काढू लागली तवा. म्हणून तुलाच इचारायलो. दुसऱ्या कुणाला इचारलं तर मारतील मला."

 इतकी वर्षं आम्ही जे जपलं ते एका माणसानं एका बोंडावरून ओळखलं होतं. मी त्याला शिव्या दिल्या. तो ऐकून घेत बसून राहिला. 

त्याचं म्हणणं साधं होतं. लग्न लोकांना दाखवायला. पूर्णेत दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. एकीत मी आणि माझी मैत्रीण राहायचं. तो आपला तारबाबूंकडे उठणार-बसणार, जेवायला चौघं एकत्र. बाहेरच्यांना दिसणार ते एवढंच, की रेल्वेबाबूनं मामाची पोरगी केली.

ऐकायला गोड होतं, म्हणूनच मला भ्या वाटलं. घरी जाऊन मी तिला सांगितलं तर ती हसली, रडली आणि लगेच म्हणाली, "व्हय म्हण." मी व्हय म्हटलं नाही. लोक बैल घेताना त्याचे दात बघतात, चालवून बघतात, आणि इथं मी सगळा जन्म एका माणसाच्या शब्दावर द्यायला निघाले होते. हा मेला तर काय? ह्याचं मन फिरलं तर काय? आत्याला नातू पाहिजे झाला तर? तारबाबूंची बदली झाली आणि हा घरात एकटा उरला तर? ती म्हणायची, "किती कराशील इचार!" पण तिच्यासाठीच तर करत होते. माझं काही झालं तरी मी लग्नाची बायको ठरणार होते, मला कुठंतरी भाकर मिळाली असती. तिला त्या घरातून कुणी बाहेर काढलं असतं तर तिला थेट गोदावरीपल्याड जावं लागलं असतं. प्रश्न एवढा एकच होता, तिचं त्या घरातलं राहणं कशानं पक्कं होईल.

आतेभावाला मी हे सगळं सुनावलं. तो चिडला नाही. म्हणाला, "मग वकिलाला इचारू."

आप्पांनी मला चोळीबांगडीला शेत द्यायचं फार आधीच ठरवलं होतं. मुलीला हातखर्चाला, बांगड्या-चोळीला कुणापुढं हात पसरायला लागू नये म्हणून बाप जमिनीचा तुकडा तिच्या नावे काढतो, ती चोळीबांगडी. लग्न जवळपास ठरल्यासारखं झालं तसं आतेभावानंच आप्पांच्या मागं लागून "कागद लगनाच्या आधी करा, मामा," असं पटवलं. माझी सही लागेल म्हणून मलाही बरोबर घेतलं. सेलूपर्यंत बैलगाडी आणि तिथून रेल्वेनं परभणी. वाटेत मी एक शब्द बोलले नाही. आप्पांना वाटलं पोरगी लाजायली.

वकीलसाहेब शेरवानीतले, पान खाणारे, हिंदूच, पण अर्धं उर्दूत बोलणारे. आप्पा कचेरीत स्टँप आणायला गेले तेवढ्यात आतेभावानं विषय काढला. मी आत वकिलीणबाईंजवळ होते, मध्ये नुसता पडदा. तो मुद्दाम मोठ्यानं बोलत होता.

"एका दोस्ताचा मामला हाय, साहेब. त्याचं लगीन ठरलंय. उद्या दोस्त मेला तर बायकोला काय?"

"भाऊ एकत्र आहेत का?"

"हायेत."

"मग मिल्कियत भावाची. बायकोला अन्नवस्त्र. दिराच्या घरी कोपऱ्यात राहावं, मिळेल ते खावं. इंग्रजांच्या मुलखात विधवेच्या हिश्श्याचा नवा कायदा झालाय, आपल्या संस्थानात तो चालत नाही. तुमच्या दोस्ताला आधी वाटणी करून वेगळं व्हायला सांगा. मग मागं राहील ते बायकोच्या हाती येईल, तेही तिच्या हयातीपुरतं."

"अन् नवऱ्याचं मन फिरलं तर? त्यानं दुसरी केली तर?"

"करू दे की. कोण अडवतं?"

"अन् बायकोला सोडून जायचं असंल तर?"

 वकीलसाहेबांनी पान थुंकल्याचा आवाज आला. "तुमचा दोस्त लग्न करायलाय का फारकत? हिंदूला सोडचिठ्ठी नाही. जातीत काडीमोडीचा रिवाज असेल तर पंचांना विचारा. बाकी नवऱ्यानं दावा लावला तर कोर्ट बायकोला नांदायला पाठवतं."

 कायदा सगळाच्या सगळा त्याच्या बाजूनं उभा होता, आणि तो स्वतःच मला हे ऐकवत होता. हे चांगुलपणानं करायलाय की पुढं "मी तर आधीच सांगितलं होतं" म्हणायला, हे मला कळेना.

मग त्यानं खरा प्रश्न विचारला. "दोस्ताच्या बायकोची एक मैतरीण हाय. विधवा. तिला जलमभर घरात ठिवायचं म्हणलं तर कागदात कसं लिवायचं?"

"ती नात्यातली?"

"न्हाई."

"मोलकरीण?"

"न्हाई."

"मग ती कुणीच नाही. तिला काय नाव देणार? घरमालकाच्या मर्जीनं राहील आणि मर्जी संपली की जाईल."

माझे डोळे भरून आले. मी पदरानं पुसले ते वकिलीणबाईंनी पाहिलं. त्यांना वाटलं, माहेर सुटायचं दुःख. फुलपात्रात चहा ओतत त्या माझी समजूत घालू लागल्या. "रडू नको बाई. पाठराखीण येईल ना तुझ्यासंगं? माझी पाठराखीण किती दिवस राहिली माहीत आहे? चार रोजांसाठी आलेली, पण सासूबाईंनी तिला लुगडंच नेसवलं नाही. लुगडं नेसवल्याशिवाय पाठवणी करता येत नाही, आणि पाठवणीशिवाय ती जाते कशी? पावसाळाभर पाणी भरून घेतलं तिच्याकडून. फुकटची बाई मिळाली होती ना!" आणि त्या स्वतःच हसल्या.

मी फुलपात्र तसंच हातात धरून बसले. नवी नवरी सासरी निघाली की तिच्या सोबतीला माहेरची एक बाई जाते, ती पाठराखीण. सासूनं तिला लुगडं-चोळी करायची, कुंकू-हळद लावायची, मग तिनं परत फिरायचं. हे मला जन्मापासून माहीत होतं. पण लुगडं मिळेपर्यंत तिला घराबाहेर काढायचा हक्क कुणालाच नाही, नवऱ्याला नाही, सासूला नाही, तिच्या भावालाही नाही, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. वकीलसाहेबांच्या कायद्यात जिला नाव नव्हतं तिला रिवाजात होतं.

शेताचा कागद झाला. उर्दूत. मला मराठी वाचता येत होतं, उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं. 'तिला वाटेल त्याला तिनं हे शेत द्यावं' हे शब्द त्यात यावेत असा माझा हट्ट होता, म्हणजे पुढंमागं ते माझ्या मैत्रिणीच्या नावे करता आलं असतं. आप्पा गोंधळले, "वाटंल त्याला म्हंजी कुणाला?" पण लिहू दिलं. आता ते खरंच लिहिलंय की नाही हे वाचून दाखवायला माझ्याजवळ एकच माणूस होता, आणि हा सगळा आटापिटा त्याच माणसापासून जपायला चालला होता. त्यानं बोट ठेवून वाचलं. मी त्याच्या बोटाकडे कमी आणि तोंडाकडे जास्त बघत होते. त्याला ते समजलं. "खोटं वाचायचं असतं तर इथवर आणलो असतो का तुला?" तो म्हणाला. मी सही केली. 

यादी आमच्या घरी झाली. यादी म्हणजे दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसून कुणी काय द्यायचं-घ्यायचं ते ठरवतात, कागदाला हळदकुंकू लागतं आणि मग त्यात बदल होत नाही. आमचे स्वामी, म्हणजे लग्न लावणारे जंगम, मधोमध बसले होते. आतेभावानं सगळ्यांसमोर थोरल्याला सांगितलं, "दुकान तुला. मला त्यातलं काय बी नको. पर आज वेगळं झालो म्हणून लिहून दे." आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. बायको घरात यायच्या आधीच भाऊ वेगळे झाले, हे तिला लागलं. थोरला मात्र खुश दिसला. चालतं दुकान एका वाक्यात मिळालं होतं. मी उंबऱ्याआड उभी होते आणि पहिल्यांदा मला वाटलं, हा माणूस शब्दाचा असावा. असावा एवढंच वाटलं, त्याच्या पुढं नाही.

मानपान झाले, वरातीचं झालं. आप्पांनी मी पढवल्याप्रमाणे म्हटलं, "पोरीसंगं पाठराखीण यील. शेजारची."

गलका झाला. आतेभावाची एक चुलती म्हणाली, "आत्याच्याच घरी जायली, पाठराखीण कामून? आत्या काय वाघीण हाय?" सगळे हसले. दुसरी कुणीतरी कुजबुजली, पण मला ऐकू जाईल अशी, "अन् ते बी कपाळ पांढरी? शुभाच्या कामाला?"

स्वामींनी मान वर केली. "तिच्या गळ्यात लिंग हाय ना? लिंग बांधल्याला इटाळ न्हाई. बोलायचं असंल तर दुसरं बोला." त्यावर कुणी बोललं नाही, पण कुणाचं पटलंही नाही. शास्त्र तोंडी आणि मनात तेच जुनं, असं आमच्याकडे चालतच आलंय. तिचा भाऊ भिंतीला टेकून बसला होता. चारचौघांत आप्पांना नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. तो एवढंच म्हणाला, "चार रोजानं परत पाठवा म्हंजी झालं. उन्हाळ्यात तिचं बी उरकायचंय."

आता सगळं आत्यावर होतं. तिनं नको म्हटलं असतं तर विषय संपला असता. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं मागं, न्हाणीच्या दाराशी उभ्या असलेल्या हिच्याकडे बघितलं, मग आपल्या लेकाकडे, जो नखं कुरतडत होता.   "लिवा," ती म्हणाली. "पाठराखीण यील. लुगडं आमी करू."

लढाईचे दिवस होते, कापड कंट्रोलनं मिळायचं. बस्ता, म्हणजे लग्नाचं कापडचोपड, कसाबसा जमला. पाठराखिणीचं लुगडं त्यात आलं की नाही ते बघायचा मी खूप प्रयत्न केला, पण गठ्ठा आत्यानं आपल्याजवळच ठेवला. लग्न लागलं. अक्षता पडत होत्या आणि मी मनात नांदायच्या दाव्याचा विचार करत होते. जिला कालपर्यंत मी 'आत्या, तू' म्हणत होते ती सासू झाली. ज्याला 'अरे' म्हणत होते त्याला 'अहो' म्हणायची वेळ आली, आणि पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आम्हा दोघांनाही हसू आवरेना.

आत्या पिंगळीला राहिली. आम्ही पूर्णेला आलो. तारबाबू स्टेशनवर उभे होते, नवा सदरा घालून, भयंकर घाबरलेले. त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि मोडक्या मराठीत म्हणाले, "मी आंबट वरण करतो रोज. चालते का?" ती म्हणाली, "चालते." तिथून आमचं जेवण सुरू झालं.

नवऱ्यानं शब्द पाळला. पण मी पाळत ठेवायची सोडली नाही. रात्री दाराला आतून कडी घालायचे. तो दुसऱ्या घरात असायचा, तरी घालायचे. ती रागवायची, मी ऐकायचे नाही.

उन्हाळा आला आणि तिचा भाऊ आला. भर दुपारी, घामानं निथळत. पाणी प्यायला, भाकरी खाल्ली आणि म्हणाला, "लुगडं नेसवा. संध्याकाळच्या गाडीनं नेतो तिला. पाव्हणे थांबलेत."

ती चुलीपाशी उभी होती, हातातली परात तशीच.  नवरा ड्यूटीवरून नुकताच आला होता. त्यानं एक 'हो' म्हटलं असतं तर वकील, कागद, शेत, काही कामाला आलं नसतं. तो म्हणाला, "पाठवणी सासूनं करायची असती. माय आल्यावर करू."

भावानं शेजारच्या क्वार्टरकडे बघितलं. तारबाबूंचं धोतर आमच्याच दोरीवर वाळत होतं. "पावणं," तो सावकाश म्हणाला, "तारबाबूचं लय येणं-जाणं दिसायलंय घरात. गावात सांगायसारखं हाय का न्हाई, मला कळंना."

नवऱ्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, संपलं. स्वतःला वाचवायला माणूस दुसऱ्याला देतोच, मीही दिलं असतं. आणि तो बोलला तेव्हा आवाज फाटका होता, पण शब्द स्पष्ट होते. "सांगा गावात. मी बी तितंच येतो तुमच्यासंगं. पर पाठवणी माय करंल."

त्या रात्री मी कडी घातली नाही.

आत्याला पिंगळीला बोलावणं गेलं. ती दुसऱ्या दिवशी आली, भाऊ वाट बघत थांबलाच होता. गाठोडं सोडलं. शेंगदाण्याची चटणी निघाली, कुरड्या निघाल्या, माझ्यासाठी खण निघाला. भाऊ म्हणाला, "लुगडं?"

"अगं माय!" आत्या म्हणाली. "इसरलेच की. कापड तरी कुटं मिळायलंय मेलं ह्या लढाईत? मिळालं की आणते. बिनालुगड्याची पाठराखीण लावून दिली म्हणून मपल्या तोंडात शेण घालतील लोकं. न्हाई बाबा, मी न्हाई तसं करणार."

भाऊ मुकाट्यानं परत गेला. पावसाळ्यानंतर एकदा आला, तेव्हाही आत्या विसरली होती. मग बिजवरानं दुसरी बघितली, आणि भावाचं येणं थांबलं. आत्या मात्र दर खेपेला यायची, गाठोडं सोडायची आणि स्वतःहून कपाळाला हात लावून म्हणायची, "घ्या, लुगडं राहिलंच पुन्हा." माझ्या मनात धाकधूक असायची, की एक दिवस हिला खरंच आठवणार. लढाई संपली, कापड थोडं सुटलं, तशी धाकधूक वाढली. नातू का नाही, हे आत्यानं मला कधीच विचारलं नाही. दुसरी बायको करा, असं लेकाला म्हटलं नाही. तिला कळलं असेल का, हे मी तिला विचारलं नाही.

संस्थान जाऊन राज्य बदललं, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आत्या गेली. दिवसकार्य आटोपल्यावर पिंगळीत जावेनं तिची पेटी उघडली. तळाशी, जुन्या धोतरात गुंडाळलेलं, एक हिरवं इरकली लुगडं निघालं. घडी न मोडलेली, काठावर बस्त्याच्या दिवशी लावतात तसं हळदकुंकवाचं बोट. जाऊ म्हणाली, "हे तर तुमच्याच बस्त्यातलं. सासूबाई कुणाला हात लावू देत नव्हत्या. मपल्या पोरीच्या लग्नात मागितलं तर म्हणल्या, ते न्हाई मिळायचं, ते ज्याचं त्याचं हाय."

मी तिथंच खाली बसले आणि आत्यासाठी पहिल्यांदा मोकळी रडले. इतकी वर्षं मी ज्या बाईला भ्यायले, ती दर खेपेला हे लुगडं पेटीत ठेवून गाडीत बसत होती.

लुगडं पूर्णेला आणलं आणि हिच्या मांडीवर ठेवलं. तिनं काठावरून हात फिरवला. "नेसतीस का?" मी विचारलं.

"नेसलं तर जावं लागंल की," ती म्हणाली.

मग आम्ही त्याची घडी मोडली आणि नव्या वाकळेला वरचं कापड म्हणून घातलं. अंगणात मोठी वाकळ शिवायला घालायची तर चार टोकं चार जणांनी ताणून धरावी लागतात. दोन आम्ही धरली आणि दोन त्या दोघांनी. दुपारची वेळ होती आणि दोन्ही क्वार्टरांची दारं उघडी होती.